बिनखुंट्यांची भिंत

जेने, सोमवारचा बाजार उठल्यावर

प्रिय हमादून,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर बामाकोच्या कचेरीचा शिक्का, आत टंकलेलं एक पान आणि खाली तुझी ती लांबलचक सही. 'आदरणीय गवंडी-संघ प्रमुख' असं मला लिहिलंयस. अरे, ज्याच्याबरोबर बानी नदीत उघडानागडा डुंबलास, ज्याच्या ताटातला मासा पळवून खाल्लास, तो लासिना आता आदरणीय झाला होय? आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. म्हणून हे स्वतःच्या हातानं लिहितोय. चार यत्ता शिकलेल्या गवंड्याचं अक्षर आहे, चालवून घे.

तू बांधलेल्या ग्रंथालयाची खबर आधी देतो, कारण तुला तेवढीच हवी आहे. गेल्या पावसात उत्तरेच्या भिंतीवरचं मातीचं लिंपण अख्खंच्या अख्खं घसरून गल्लीत आलं. दोन दिवस गाढवाच्या गाड्यांना वाट नव्हती. आता आतले राखाडी सिमेंटचे ठोकळे सगळ्या जोबोरो मोहल्ल्याला दिसतात, बायका पाण्याला जाताना त्यांना 'हमादूनची बत्तिशी' म्हणतात. छतही गळायला लागलंय. पोथ्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यानं त्या पत्र्याच्या पेट्यांत भरून कट्ट्यावर रचून ठेवल्यात. बक्षीस घेतानाचा तुझा मोठा फोटो आत लावलाय ना, त्याच्यावरून पाण्याचा एक ओघळ बरोबर नाकावरून खाली आलाय. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

हे असं होणार हे तुला माहीत नव्हतं असं मात्र सांगू नकोस. भाताचा कोंडा घालून चिखल तीन आठवडे कुजवावा लागतो, त्याच्या वासानं शेजारी शिव्या द्यायला लागले की समजायचं, झाला, हे तू आणि मी माझ्या बाबांच्या हाताखाली, एकाच खड्ड्यात पायांनी चिखल मळत शिकलो. पण मंत्र्याची तारीख ठरलेली होती. मग काय, सकाळी कालवलेला चिखल दुपारी सिमेंटवर थापला. आणि खुंट्या! भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या खुंट्या तू काढूनच टाकल्यास. काय म्हणे, भिंतीचा चेहरा स्वच्छ दिसायला हवा. अरे शहाण्या, त्या खुंट्या दिसायला नसतात, पाय ठेवायला असतात. दरवर्षी लिंपायला माणूस चढणार कुठून, तुझ्या चेहऱ्यावरून? तू स्वतः बारा वर्षांचा असताना अशाच एका खुंटीवरून सुटलास आणि माझ्या बाबांनी तुला खाली झेललं होतं. त्यांचा उजवा खांदा त्यानंतर कधीच पूर्ण वर गेला नाही, हेही तुला माहीत आहे.

नवं काही बांधूच नये असं मी म्हणत नाही. बाबा तर मुळीच म्हणत नव्हते. मोहल्ल्यात पहिली मोठी खिडकी त्यांनी ठेवली, तेव्हा लोकांनी महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. तुझे नकाशे पहिल्यांदा आले, तेव्हा पोथ्यावाल्या म्हाताऱ्यानं ते त्यांना दाखवले. बाबांना कागद उलटा की सुलटा ते कळेना, पण मध्ये ती तिरकी भिंत बघून ते बराच वेळ बोटानं सूर्य फिरवत बसले. मग म्हणाले, "दुपारभर वाचणाऱ्यांवर सावली राहील. पोराचं डोकं चालतं." दिवसभर जो भेटेल त्याला हेच सांगत होते. मला मत्सर वाटला. माझ्या कुठल्या भिंतीबद्दल ते इतकं कधी बोलले नव्हते.

त्या जागेवर आधी जे घर होतं ते माझ्या आजोबांनी बांधलेलं, बाबांनी चाळीस वर्षं लिंपलेलं. घर पडलं तरी त्या जागेवरच्या कामाचा हक्क त्याच गवंड्याचा राहतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पायाचं पहिलं ढेकूळ बाबांनी ठेवायचं, खाली सात प्रकारचं धान्य टाकायचं. ते तीन दिवस पहाटे अंघोळ करून, धान्य रुमालात बांधून दारात बसले. तू आला नाहीस. तुझा ठेकेदार आला, यंत्र आलं, दुपारपर्यंत पाया खणून मोकळे. तेव्हाही ते तुझीच बाजू घेत होते. "मोठ्या कामात माणूस विसरतो रे," म्हणाले.

पण उद्घाटनाचं मी विसरणार नाही. बाबा निळीत बुडवलेला झगा घालून दुसऱ्या रांगेत बसले होते. पाहुणी आलेल्या त्या गोऱ्या बाईनं तुला विचारलं, हे सगळं कुणाकडून शिकलात? आणि तू फ्रेंचमध्ये म्हणालास, "कुणाकडून नाही. मी या भिंतींकडे बघत शिकलो. इथल्या गवंड्यांकडे हात आहेत, विचार माझा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांना फ्रेंच येत नव्हतं. त्यांनी मला कोपरानं ढोसून विचारलं, काय म्हणाला? माझ्या तोंडून निघून गेलं, तुमचं नाव घेतलं. त्यांनी पागोटं नीट केलं, पाठ ताठ केली आणि लोक आपल्याकडे वळून बघतील म्हणून वाट बघत बसले. कुणीही बघितलं नाही. चार दिवसांनी बाजारात कुणीतरी त्यांना खरं काय ते सांगितलं. घरी आले, थापी धुतली, पुसली आणि माझ्या हातात दिली. त्यानंतर ते एकाही भिंतीवर चढले नाहीत.

तेव्हापासून मी तुझा वैरी आहे, हमादून. लहानपणी मी तुला कांदेखाऊ म्हणायचो, तू मला मासेखाऊ, आणि दोघांच्या आया हसायच्या. आपल्या दोन जमातींतली तसली रीतीची चेष्टा नाही ही. बाबा गेले, संघानं मला प्रमुख केलं, आणि पहिल्याच बैठकीत मी शब्द टाकला की ग्रंथालय आमच्या घराकडे आहे, मी सोडत नाही तोवर कुणी हात लावायचा नाही. तू मोप्तीहून डागडुजीला माणसं पाठवलीस. बिचारे आले, माझ्याकडे तीन फेऱ्या चहा प्याले, माफी मागितली आणि आल्या वाटेनं परत गेले. तुला वाटलं असेल त्यांची गाडी बिघडली.

मग तू आईला पुढे केलंस. पिंदामावशी तीनदा कोलाफळं घेऊन आल्या, मनधरणीला नेतात ती कडू, तरतरी आणणारी. तिसऱ्या खेपेला उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "लासिना, मी तुझं ढुंगण धुतलंय, माझ्यापुढे प्रमुखपणा मिरवू नकोस. मुकाट्यानं घे." मी म्हटलं, मावशी, तुमच्यासाठी माझा जीवही मागा, त्याच्यासाठी मात्र एक ढेकूळही मिळणार नाही. त्या फळं तिथंच टाकून निघून गेल्या. माझ्या बकरीनं ती खाल्ली आणि दिवसभर गच्चीवर उड्या मारत होती. मावशींचं घर मात्र मी यंदाही लिंपलं, सगळ्यात आधी. त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही.

आता तू लिहितोस की काय हवं ते सांग. बाबांच्या नावाची पितळेची पाटी दारावर लावतो म्हणतोस. पाटी! ज्या माणसाला वाचता येत नव्हतं त्याला तू पाटी देणार. तुझ्या पत्रात पाटी आहे, संघाला देणगी आहे, पाहणीला येणाऱ्या परदेशी मंडळाची तारीख आहे. बाबा कसे गेले, ते कुठे विचारलंयस?

तर ऐक, त्यासाठीच लिहायला बसलो. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मला जवळ बसवून आपल्या लिंपणाची घरं वाटली. उस्ताद जाताना वाटतो तशी. तेरा घरं मला दिली, एकेकाच्या भिंतींची दुखणी सांगत. मग थांबले, पाणी मागितलं आणि म्हणाले, "ग्रंथालय हमादूनचं. तो माझा शागीर्द आहे. त्याला सांग, आणि खुंट्या बसवायला सांग." मी मान हलवली. ते गेले. मी कुणालाही सांगितलं नाही. दीड वर्ष मेलेल्या बापाचा शब्द गिळून बसलोय. मोप्तीच्या माणसांना मी परत पाठवलं तेव्हाही ती इमारत माझी नव्हती, तुझी होती. तुझ्या आईला मी जे नाकारलं, ते नाकारायचा मला हक्कच नव्हता.

रीत तुला ठाऊक आहे. घर घेणाऱ्यानं संघापुढे अनवाणी उभं राहून आपण कुणाचे शागीर्द ते सांगायचं, तरच घर मिळतं. येत्या शुक्रवारी नमाजानंतर बैठक आहे. उद्घाटनाच्या दिवशी तुझी मुलाखत घेणाऱ्या त्या रेडिओवाल्यालाही मी बोलावलंय. तू उभा राहून बाबांचं नाव घेतलंस, तर मला उठून माझी चोरी कबूल करावी लागेल, प्रमुखपद जाईल, मुलं बघत असतील. जाऊ दे. आणि तू आला नाहीस, तर मी तोंड उघडणार नाही. पाऊस येईल, भिंत बसेल, लोक मला दोष देतील, तुला नाही. फक्त तुला एकट्याला माहीत असेल की बाबांनी सगळं ऐकूनही ती इमारत तुझ्या नावावर केली होती, आणि त्यांचं नाव घ्यायला लागू नये म्हणून तू ती पडू दिलीस. खूप दिवस मी तुला द्यायला शिक्षा शोधत होतो. शेवटी बाबांच्या मायेहून मोठी मला एकही सापडली नाही.

अजूनही तुझाच, आणि त्याचाच राग येणारा,
लासिना