बिनधुराचं इंजिन

३ मार्च

यांच्या कामाच्या शर्टाला परत भोकं. टाचणीच्या डोक्याएवढी. सिगरेटची ठिणगी, दुसरं काय! सोडली म्हणे. मग हा खोकला कुठून आला? विचारलं तर माझी शपथ घेतात. स्वतःची नाही घेत — हुशार आहेत.

४ मार्च

खिसे, बूट, पिठाचा डबा, सगळं उपसलं. पाकीट नाही. कुठे लपवतात कोण जाणे.

५ मार्च

दुपारी फोन केला. हल्ली स्वच्छ ऐकू येतं. पूर्वी यांच्या इंजिनांच्या शेडमधला धूर ओढणारा पंखा इतका घरघरायचा, मी "जेवलात का" विचारावं आणि यांनी "साडेसहाला" म्हणावं. किती ओरडले असेन त्यावरून. आता इंजिनाच्या नळीला नवा डबा बसवलाय, काळा धूर बंद. धूरच नाही तर पंखा कशाला? तोही बंद.

बोलता बोलता खोकले. म्हटलं, ओढा अजून.

८ मार्च

भाची आली. प्रयोगशाळेत काम करते. शर्ट उजेडात धरला. "मावशी, ठिणगीने कडा काळी पडते. ही कुठे काळी आहे?" नव्हती.

मग तिने यांना विचारलं, इंजिनं कुठल्या डिझेलवर चालवता? हे म्हणाले, पिंपातलं, स्वस्तातलं. त्यात गंधक असतं म्हणाली. डबा काळा धूर जाळतो, ते बरंच आहे. पण चांगला तापला की गंधकाच्या वायूलाही सोडत नाही. त्याला आणखी ऑक्सिजन चिकटवतो, आणि वाफ भेटली की त्याचं ॲसिड. "काका, तेच शर्टावर बसतं. छातीतही."

म्हणजे घर झाडायचं आणि कचरा उशीखाली लोटायचा. वर म्हणायचं, बघा कसं लख्ख!

मी इतकं टोचलं, तरी हे एकदाही उलटून बोलले नव्हते. ते जास्त लागलं.

९ मार्च

डॉक्टरकडे नेलं. छाती सुधारेल म्हणाले, पण त्या कोंडलेल्या हवेत नको.

येताना विचारलं, पंखा बंद करायचं कोणाच्या डोक्यातून निघालं? मुकादमाच्या? त्याला बघतेच मी.

मग म्हणाले, "अगं, मीच केला. तुला फोनवर ऐकू येत नव्हतं ना."

१० मार्च

दुपारी फोन केला. नुसती घरघर. काय बोलले, एक अक्षर कळलं नाही. तरी ठेवला नाही.