चार वाजताची फेटलेली कॉफी

बाबा, नरपडच्या घरात चमचा पुन्हा वाजायला लागलाय. दुपारी चार वाजता, स्वयंपाकघरात, कपाच्या कडेला टक टक टक, तुम्ही कॉफी फेटायचात अगदी तसाच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. आई पडवीत असते, मी तिच्या शेजारी, म्हणजे आत कुणीच नसतं. आवाज थांबला की जाऊन बघायचं. ओट्यावर एकच कप असतो, वर पांढरट फेस, वाफ निघत असते.

तुम्ही तलासरीच्या कॉफीच्या कारखान्यातून यायचात तेव्हा तुमच्या आधी तुमचा वास घरात शिरायचा. शर्ट कितीही धुवा, तो जायचा नाही, आई वैतागायची. तुम्ही हात-पाय धुऊन कप घेऊन बसायचात आणि फेटता फेटता मला सांगायचात. बिया भाजायच्या, भरडायच्या, गरम पाण्यात अर्क काढायचा, आटवायचा, मग उंच टाकीत वरून फवारायचा. गरम हवेत थेंब खाली येईस्तोवर त्यांची भुकटी होते. "पण वास त्याच्या आधीच काढून घ्यायचा, पोरी. तो निराळा जपायचा आणि सगळं सुकलं की शेवटी परत सोडायचा. नाहीतर ती नुसती काळी माती." मी विचारायचे, वास ठेवतात कशात? तुम्ही हसायचात. एकदाच काय ते ओरडलात, मी बरणीत ओला चमचा घातला तेव्हा. केवढ्यांदा! मी दोन दिवस बोलले नव्हते तुमच्याशी.

हल्ली आधी तो वास येतो, मग चमचा. घरात कॉफीच नाही, मी सगळे डबे उपसून पाहिले. आई म्हणाली, "शोधून काय होणारे? ते मला बोलवतायत गं."

"काहीतरीच काय! चल माझ्याकडे तलासरीला."

"मी नाही हलायची इथून. रोज ओतते चिकूच्या बुंध्यात. एक दिवस पिऊन टाकीन आणि सुटेन एकदाची."

हे ती वालपापडी निवडता निवडता म्हणाली. तेव्हापासून मी रजा टाकटाकून चारच्या आत नरपडला येतेय. तुमचा राग राग आला मला, बाबा. एवढं काय अडलंय तुमचं? ती मला हवी आहे अजून.

आज चमचा थांबला आणि आई उठली. "आज पितेच," म्हणाली. मी तिच्या पुढे धावले, कप उचलला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायले. जीभ पोळली. आई दारातून म्हणाली, "अगं, काय केलंस हे?"

गोड होती, बाबा. आईला मधुमेह, घरात साखरेचा कण नाही, आणि ती तर जन्मभर अगोडच घेत आली. एवढी गोड फक्त मी प्यायचे. तुम्ही मलाच तशी करून द्यायचात.

आईला म्हटलं, कडू होती, तुला आवडली नसती. ती आता शांत झोपलीय. तिला बोलवत नव्हतात, याचं हायसं वाटतंय. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते: मला फार भीती वाटतेय. तरी उद्याचीही रजा टाकलीय मी.