बशीएवढी चाकं

१२ एप्रिल, सकाळ
जाग आली ती स्वप्नातल्या बर्फाच्या आवाजाने. शाळेसमोरचा कालवा गोठला की त्याच्या पोटातून लांबलचक 'टुंऽऽग' घुमायचा आणि फळ्यावरची कविता अर्धी टाकून आम्ही पळायचो. साठ वर्षं झाली. हल्ली आमच्या डोक्कुम गावचा कालवा गोठायचंच विसरलाय.

दुपार
म्हणून चाकांचे स्केट घेतले. बुटाला तीनच चाकं, पण बशीएवढी. टाचेला ब्रेक बसवून देऊ का, असं दुकानदाराने विचारलं. त्याला म्हटलं, बाबा रे, मी चालायच्या आधी बर्फावर घसरायला शिकलोय.
संकल्प: दर रविवारी दहाला निघणाऱ्या स्केटवाल्यांच्या शहरफेरीत, येत्या नाही तर पुढच्या रविवारी, सीत्स्काच्या शेजारून जायचं. पलीकडच्या गल्लीत राहते. माझ्यासारखीच एकटी, फक्त तिला त्याचं काही वाटत नाही.

१५ एप्रिल
सराव उत्तम. थांबताना बर्फावर करतो तसे दोन्ही पाय आडवे केले. चाकं आडवी घसरत नाहीत. हा चाकांचा दोष. शेजाऱ्यांचं कुंपण सुंदर होतं.

१६ एप्रिल
फेरीचा प्रमुख योर्रित. माझाच विद्यार्थी, एक कविता कधी धड पाठ केली नाही. म्हणतो, शनिवारी पांढऱ्या रेषेवर थांबून दाखवा, तरच रविवारी घेऊ. वर म्हणतो, "मास्तर, आता तुमची तोंडी परीक्षा नाही, पायी!" सीत्स्का हसली. माझ्या बाजूने हसली असावी.

१८ एप्रिल
सरावाला वेळ नाही. फेरीत सीत्स्काला ऐकवायला कविता घेतली लिहायला. 'वाऱ्या, हो बाजूला...' इथे यमक अडलं. थांबणं काय, आयत्या वेळी जमतं.

२० एप्रिल, शनिवार
वेग अप्रतिम. योर्रित ओरडत होता, "मास्तर, रेष! अहो, रेष!" रेष मला दिसली. मागे गेली तीही दिसली. समोर फुलवालीची गाडी. अशा वेळी डोक्कुमचा माणूस विचार करत बसत नाही. पाय आपोआप कालव्याकडे वळतात. हिवाळ्यात मोकळा रस्ता तोच. वळलो. एप्रिल चालू असल्याचं मध्येच हवेत लक्षात आलं.
सीत्स्काने होडीची आकडी कॉलरला अडकवून ओढून काढलं. म्हणाली, "अहो मास्तर, पोहता तरी येतं का?" म्हटलं, कधी गरजच पडली नाही, माझ्या वेळी कालवा घट्ट असायचा. तिने लगेच माझी जन्मतारीख विचारून लिहून घेतली. भारावली असणार.
मुद्दा असा, की मी थांबलो. कुठे थांबायचं याची एवढी घासाघीस कशाला? योर्रितला तसं सडेतोड पत्र टाकलंय.

२१ एप्रिल, रविवार, साडेनऊ
पत्राचा परिणाम होणारच होता. बेल वाजली. स्केट घालून, कविता खिशात ठेवून, भिंतीला धरत दारापर्यंत गेलो.
दारात एक धिप्पाड बाई. गळ्यात शिट्टी, हातात दंडाला बांधायचे रबरी फुगे. नगरपालिकेच्या तलावावरून आलेय म्हणाली, सीत्स्काबाईंनी पोहायच्या वर्गात तुमचं नाव घातलंय, आवरा. टॉवेल शोधतो सांगून आत आलो आणि हे लिहितोय.
वर्ग दर रविवारी दहाला. दारातच मी तिला विचारलं होतं, नेमका दहाला कसा?
"सीत्स्काबाईंनीच ही वेळ मागून घेतली. म्हणाल्या, त्या वेळेला मास्तर मोकळे असतात."