सरदाराची बायको-मुलं

बाबा,

आज ड्युटीवरून आले आणि चप्पल न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिले. कुवेतच्या या रुमैथियात संध्याकाळ झाली तरी ऊन पांढरंच असतं. पाय भरून आले की मला तुमचा तो जपानी सरदार आठवतो.

दिवसभर शाळेत इतिहास शिकवून तुम्ही घरी तोच आईला ऐकवायचात. सामुराईंचा शेवटचा काळ. सरदाराने एक वर्ष आपल्या मुलखात राहायचं, एक वर्ष सगळ्या सरदारांवरच्या शोगुनच्या राजधानीत, हुकूमच तसा. त्याने बंड करू नये म्हणून बायको-मुलं कायम राजधानीत, ओलीस. तुम्ही झारा भाल्यासारखा धरून चालताय, "खाली बसा, सरदारांची स्वारी येतेय!" आणि आई पोळी लाटता लाटता म्हणतेय, "अहो सरदार, आधी तेवढी मेथी निवडा, मग मुलूख फिरा." मी विचारते, सरदाराला वाटेत काय काय दिसायचं? "काही नाही गं. पालखीत गुडघे मुडपून बसलेला. घाम आणि पायाला मुंग्या."

मग शोगुनचा जोर ओसरला, हुकूम सैल झाला. तुमचा सरदार आनंदाने बायको-मुलांना न्यायला आला, "चला घरी." राजधानीत जन्मलेला मुलगा म्हणाला, "घरीच तर आहोत." आईचं लाटणं थांबायचं. "मग हो?" "मग काय, नेलं."

आता आम्हालाही कुणी अडवत नाही, बाबा. सांगलीचं घर बांधून झालं. हॉस्पिटलच्या लॅबमधला माझा करार संपत आला होता. तुमचे जावई म्हणाले, "तू ठरव, मी येतो." लेकीला विचारलं, परत जायचं का गं? ती इथलीच, कुवेतमध्ये जन्मलेली. फोनमधून मान वर न करता म्हणाली, "परत तू जाशील, आई. आय वॉज नेव्हर देअर."

आज मी करार वाढवून आले. आईला फोन केला, "हिची बारावी होऊ दे." "होऊ दे बाई, शिक्षण महत्त्वाचं," आई म्हणाली. वरच्या खोलीचे पडदे तिने मागच्याच आठवड्यात शिवून घेतलेत.

तुम्ही गेलात, हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. मी लेकीला पुढे केलं. तिने उड्या मारत "चल" म्हटलं असतं ना बाबा, तरी मी इथे थांबलेच असते.