आठव्या बापाचे नाव

वंदनीय मेदेरमामांस,

भाची चोल्पोन हिचा डोके लववून सलाम. तुमची प्रकृती, मामींचे गुडघे, दोन्ही गाई आणि मागच्या हिवाळ्यात लंगडणारी ती घोडी, या सर्वांचे कुशल असावे. (रीतीप्रमाणे आधी जनावरांचे विचारायला हवे होते, पण घोडीपेक्षा मामींना राग लवकर येतो, म्हणून क्रम बदलला.) आमच्याकडील जनावरे सुखरूप आहेत. माणसांविषयी सविस्तर लिहिते.

येत्या रविवारी मी जीवशास्त्र शिकण्यासाठी राजधानीला निघणार, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जिल्ह्यात पहिली आले म्हणून आजोबांनी मागच्या गुरुवारी मेंढा कापून निरोपाचे जेवण घातले. जेवणाच्या शेवटी आजोबा तळवे वर करून आशीर्वाद देणार, सगळे ‘आमीन’ म्हणून तोंडावरून हात फिरवणार आणि मी जायला मोकळी होणार, असा बेत होता. मेंढा ठरल्याप्रमाणे शिजला. बाकी काहीही ठरल्याप्रमाणे झाले नाही.

मानाच्या जागी तुर्दूबाय मोल्दो बसले होते. (होय, तेच. तुम्ही सरकारी व्याख्याते म्हणून ‘देव नाही’ असे सांगत कुरणाकुरणांतून हिंडत होता, तेव्हा तुमची गाडी हाकणारे आणि पडद्यावर चित्रे दाखवणारे तुर्दूबाय. ते सरकार गेले, ती गाडी गेली, आणि तुर्दूबाय आता मोल्दो, म्हणजे मुल्ला, होऊन गावाची नमाज चालवतात. आवाज तोच, ठसका तोच.) जेवणानंतर पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालायचे काम घरातली धाकटी म्हणून माझ्याकडे असते. मला ते आवडते, कारण त्यात मान खाली घालावी लागते आणि बोलावे लागत नाही. मी झारीतले कोमट पाणी मोल्दोंच्या हातांवर धरले आणि त्यांनी नेमके तेव्हाच विचारले, “काय गं पोरी, जीव शिकायला निघालीस म्हणे! मग सांग बघू, जीव घडवला कुणी?”

मामा, चारचौघांत मला स्वतःचे नावही धड सांगता येत नाही, हे तुम्ही जाणता. पण तुमची पेटीभर पुस्तके मी तीन वेळा वाचली आहेत. मी सांगितले की कुणी घडवला नाही, तो घडत गेला. आधी असेच कोमट पाणी होते. त्यात साधी द्रव्ये विरघळलेली, वरून विजा, खालून धरणीची धग; कोट्यवधी वर्षे ती द्रव्ये एकमेकांना चिकटत राहिली, सुटत राहिली, आणि केव्हातरी त्यांतली काही स्वतःसारखीच दुसरी घडवू लागली. (ते नेमके कसे, याचा शोध अजून चालू आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले.) तेथून पुढे शेवाळ, मासा, मेंढा आणि सरतेशेवटी मोल्दो. आता कोट्यवधी वर्षे सांगायची म्हणजे वेळ लागतोच. तेवढ्या वेळात झारी रिकामी झाली. पाणी मोल्दोंच्या मनगटावरून बाहीत, बाहीतून कोपरात आणि कोपरातून आजीच्या लग्नातल्या लोकरी जाजमावर गेले. “अगं, पाणी! पाणी!” असे मोल्दो ओरडत होते. मला वाटले, त्यांना मुद्दा पटला.

मग आजोबांनी विचारले, “आणि पाण्याच्या आधी?” मी म्हटले, विझलेल्या ताऱ्यांची धूळ, तिच्यातूनच पृथ्वी झाली. “त्याच्या आधी?” तेरा-चौदा अब्ज वर्षांपूर्वी सारे विश्व अतिशय दाट आणि तप्त होते, ते पसरत आणि निवत गेले. “आणि त्याच्याही आधी?”

“माहीत नाही,” मी म्हटले.

सगळी पंगत खदखदून हसली. मोल्दो बाही पिळत म्हणाले, “ज्याला आपले सात पिढ्यांचे सात बाप ठाऊक नाहीत तो गुलाम, असं वाडवडील सांगून गेले. हिला तर पहिलाच ठाऊक नाही! म्हणे जिल्ह्यात पहिली!”

माझ्यावर हसले असते तर मी गिळले असते. पण ‘माहीत नाही’ या शब्दांवर हसले, ते मला सोसवले नाही. खोट्या उत्तरापेक्षा रिकामी जागा बरी, ती निदान पुढे भरता येते, हे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तुमच्याच अक्षरात आहे. मी झारी खाली ठेवली आणि आजोबांना त्यांचे सात बाप म्हणायची विनंती केली. त्यांनी दाढीवरून हात फिरवून ऐटीत म्हटले: सारीबाय, बोकोन, चेकिर, जानबोलोत, एसेन, कोचकोर, अकबाल्ता. मी विचारले, “आणि अकबाल्ताचा बाप?” आजोबांनी छताकडे पाहिले. (तेथे तो नव्हता.) मग म्हणाले, “माहीत नाही बुवा.” मी म्हटले, “मग अकबाल्ता काय आभाळातून पडला? त्याला बाप होताच, नाव तेवढं आपल्याला ठाऊक नाही. तुमचं ‘माहीत नाही’ मानाचं आणि माझं गुलामाचं, असं कसं?”

येथे थांबायला हवे होते. परंतु बोलक्या माणसांना थांबण्याचा सराव असतो, लाजाळूंना नसतो. मी मोल्दोंकडे वळून म्हटले, “आता तुम्ही देवाचे सात बाप म्हणा.”

“देवाला बाप नसतो!” मोल्दो गरजले.

“मग तेवढी सवलत विश्वालाही द्या ना.”

आजोबांनी आशीर्वादासाठी अर्धवट उचललेले तळवे मांडीखाली सारले. त्यामुळे जो पेच झाला तो आपल्याच लोकांत होऊ शकतो: आशीर्वाद झाल्यावाचून पंगतीतून उठायचे नाही, आणि आजोबा तर तळवे काढीनात. बावीस माणसे दीड तास बसून राहिली. चहा झाला, पुन्हा चहा झाला, मोल्दोंची बाही अंगावरच वाळली. गुरांच्या डॉक्टरांची गाय घरी अडली होती. ते दाराकडे पाहून नुसते उसासे टाकत होते. शेवटी आजी पडद्याआडून बाहेर आली आणि म्हणाली, “तुमचं भांडण पोरीशी, मेंढ्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?” तिने मेंढ्यासाठी तळवे वर केले. इतके जोरदार ‘आमीन’ आमच्या घरात पूर्वी कधी झाले नव्हते. म्हणताच सगळे पळाले.

सारांश, मेंढ्याला आशीर्वाद मिळाला, मला नाही. येत्या शनिवारपर्यंत शब्द मागे घे, नाहीतर तशीच जा, असे आजोबांचे म्हणणे आहे. या घरातून आजवर कोणीही आशीर्वादावाचून राजधानीच्या वाटेवरची खिंड ओलांडलेली नाही, हे ते रोज दोनदा ऐकवतात. मी शब्द मागे घेणार नाही. गाडी पेट्रोलवर चालते, आशीर्वादावर नाही. जे ठाऊक आहे ते सांगितले, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगितले. यांपैकी नेमके काय मागे घ्यायचे, ते त्यांनी लेखी द्यावे. मला आशीर्वादाची मुळीच गरज नाही.

तुमची आज्ञाधारक (हे विशेषण या आठवड्यात घरात मला कोणी लावत नाही, तरीही)
चोल्पोन

ता. क. काल तुर्दूबाय मोल्दो कुणी नाही असे पाहून आले होते. पाय फुटलेल्या माशाचे ते चित्र तुमच्याकडे अजून आहे का, असे त्यांनी विचारले आहे. म्हणाले, “दोनशे वेळा दाखवलं गं मी ते; पण पुढचं ऐकायच्या आत मला गाडी तापवायला जावं लागायचं. त्या माशाचं पुढं झालं काय?” मी सांगितले. झारी लांब ठेवून.

ता. क. दुसरा. आजोबा शुक्रवारपासून गावातल्या म्हाताऱ्यांकडे अकबाल्ताच्या बापाचे नाव विचारत फिरत आहेत. अद्याप मिळालेले नाही. सोबत वही नेतात. आठव्या ओळीवर जागा सोडली आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरे यासाठीच. मामा, शनिवारी या. तुम्ही त्यांच्या सुनेचे भाऊ; व्याह्यांनी तळवे वर केले तर रीतीप्रमाणे आजोबांना आपले मांडीखाली ठेवता येणार नाहीत. आणि ठेवलेच, तर आशीर्वाद तुम्ही द्या. वर कोणी ऐकत नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. पण समोर बसून मी ऐकणार आहे. ती खिंड फार उंच आहे, आणि मी याआधी एकटी कधी गेलेली नाही. तळवे मीही वर करीन. शब्द मागे घेणार नाही.