कर्नल मोतेयुसचं ताट

फुजैरा,
१४ नोव्हेंबर २०११

प्रिय सुमेधा,

पाडव्यापासून आजचा अठरावा दिवस. फोन केला की ईशानी उचलते आणि ‘आई इज बिझी, बाबा’ म्हणून मोकळी होते. पहिल्या दोन-तीन वेळा मला ते खरं वाटलं. पण अठरा दिवस कुणी भाजीला फोडणी घालत बसत नाही, एवढं माझ्याही डोक्यात शिरलं. म्हणून हे पत्र. लग्नाआधी चार लिहिली होती, त्यानंतरचं हे पाचवं. अक्षर तेव्हाइतकंच वाईट आहे, सांभाळून घे.

तू रागावलीस ते बरोबरच आहे. पण त्या ताटाचं खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं, ते तुला सांगायचं आहे. आमच्या टर्मिनलवर अल्गिस नावाचा साठीचा सुपरवायझर आहे, लिथुआनियाचा. दुबईतली आपली कंपनी बुडाली, तुम्ही दोघी ‘फक्त सहा महिन्यांसाठी’ पुण्याला गेलात आणि मी इथे तेलाच्या टाक्या बांधायला आलो, त्याच महिन्यात तोही आला. मंदीने त्याच्या गावातली कामं संपली होती, मुलगी-जावई मुलांना घेऊन आयर्लंडला गेले होते. त्या नातवंडांना आता आपली भाषा वाचता येत नाही, म्हणून त्याला आपल्या आजोबांचं चरित्र इंग्रजीत लिहून हवं होतं. दर शुक्रवारी सकाळी तो माझ्याकडे येतो, मी केलेले पोहे खातो (तुझ्या हातचे त्याने खाल्लेले नाहीत, हे माझं नशीब) आणि तो सांगतो तसं मी टाइप करतो.

आजोबा म्हणजे कर्नल मोतेयुस. पहिल्या महायुद्धात झारच्या फौजेत लेफ्टनंट. लिथुआनिया स्वतंत्र झाला तेव्हा हा गडी अंगावर झारचाच कोट, बटणं तेवढी बदललेली, अशा अवतारात देशाच्या नव्या सैन्यात हजर झाला. पायात बूट नसलेल्या मुलांना कवायत शिकवली, लढला, मांडीत गोळी घेतली. पुढे कर्नल झाला आणि मग मंत्री. मंत्री झाल्यावरही कचेरीतले दिवे स्वतः मालवून, कपाटाचं कुलूप दोनदा ओढून बघूनच घरी निघायचा. हे टाइप करताना मला हसू आलं, कारण गॅसचा नॉब चारदा बघणारा माणूस तुझ्याही घरात होता.

१९४० च्या जूनमध्ये रशियन रणगाडे देशात शिरले. मोतेयुसने बायकोला, ओनाला, दोन मुलांसह सीमेजवळच्या गावी बहिणीकडे पाठवलं. रविवारी आपण यायचं आणि सगळ्यांनी मिळून पलीकडे जायचं, असं ठरलं होतं. गाडी दारात उभी होती. पण खात्याचे कागद आणि किल्ल्या कुणाच्या तरी हाती रीतसर सोपवल्याशिवाय त्याचा पाय निघेना, आणि त्या घ्यायला कुणी येईना. दोन दिवस थांबला, मग आणखी दोन. शेवटी माणसं आली ती त्यालाच न्यायला. ओना सीमेपासून तासाभरावर होती, तरी ती गेली नाही. त्याची वाट बघत राहिली.

त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर पांढऱ्या कापडाखाली गवत पसरतात, मांसाशिवायचे बारा पदार्थ करतात आणि घरातलं जे माणूस तिथे नाही, त्याच्यासाठी एक रिकामं ताट मांडतात. ओनाने सोळा वर्षं ते ताट मांडलं. छोट्या अल्गिसने हे कुणाचं म्हणून विचारलं, तर सांगायची, आजोबा कामावरून यायचे आहेत. छप्पन साली एक कागद आला. मोतेयुस बेचाळीसच्या हिवाळ्यातच रशियन कैद्यांच्या छावणीत वारला होता. त्या वर्षीही ओनाने ताट मांडलं, फक्त आता कुणी दाराकडे बघत नव्हतं.

मला हे फार भिडलं, आणि पुढचामागचा विचार न करता पाडव्याला मी तुला फोनवर म्हणालो, यंदा माझंही ताट मांडा, भोवती रांगोळी काढा. तू म्हणालीस, ‘न येणाऱ्या माणसाचं पान आपल्यात कधी वाढतात, कळतंय का तुला?’ आणि फोन ठेवलास. सुमेधा, पितरांचं पान मला खरंच आठवलं नव्हतं. ज्या दिवशी तू मला ओवाळायचीस, त्याच दिवशी मी तुला माझं पान वाढायला सांगितलं. शुद्ध गाढवपणा. अल्गिसला हे सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, ‘देशाला तो मिळाला, दत्ता. आमच्या टेबलाला नाही मिळाला.’

मला तुमची फार आठवण येते. संध्याकाळी किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, कॉर्निशवर, जातो तेव्हा काम नसलेली जहाजं समुद्रात नांगर टाकून उभी दिसतात, आणि तुम्ही दोघी माझ्या शेजारी नाही हे नव्याने कळतं. गेल्या सुट्टीत घरी आलो होतो तेव्हा मी चमच्यासाठी चुकीचा खण उघडला होता, आठवतं? तू स्वयंपाकघराची मांडणी बदलली होतीस. ईशानी म्हणाली, ‘नॉट देअर, बाबा,’ आणि पाहुण्याला द्यावा तसा चमचा माझ्या हातात दिला. मी हसलो, पण ते अजून खुपतं आहे.

आता जे पाडव्याला बोललो नाही ते सांगतो. त्याच्या आदल्या दिवशी मी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली होती. तुला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ताट मागत बसलो. काल तो करार मागे घेतला आणि राजीनामा दिला. मॅनेजर म्हणतो, ‘हबीबी, सातवी टाकी पूर्ण करून दे, मग जा.’ माझ्याही ओठांवर ‘बरं’ आलं होतं. पण माझ्या हाताखालचा गुणवंत म्हणाला, ‘यल्ला भाऊ, किल्ल्या इकडे द्या, खलास.’ मी दिल्या. १७ डिसेंबरला, शनिवारी दुपारी घरी पोचतो. पुढची नोकरी अजून हातात नाही, आणि तुझा राग गेला नसेल तर दार उघडून पुन्हा बिझी हो, माझी तक्रार नाही. फक्त माझं ताट मांडू नकोस. चमचे कुठल्या खणात असतात तेवढं सांग, मी माझ्या हाताने वाढून घेईन.

तुझाच,
दत्तप्रसाद