बाहेरच्या कड्या

८ मे २००६, सोमवार
आज ताबा मिळाला! चार वर्षं पेपरातल्या जप्तीच्या जाहिराती कापून कापून कात्री बोथट झाली. सरिता मला लिलाववेडा म्हणते. म्हणू दे. नाशिक रोडला दुमजली रो-हाऊस निम्म्या भावात कोणाला मिळतं? सटाण्याच्या भाड्याच्या खोल्या सुटल्या एकदाच्या. सरिता आणि आमची लेक मनाली नामपूरला, सरिताच्या माहेरी आहेत. रविवारी संध्याकाळी येतील, तोवर रंगकाम उरकायचं.

जुना मालक निवृत्ती, फर्निचरचं काम करायचा. दारं-खिडक्या त्याच्याच हातच्या, अस्सल सागवानी. पण ताब्याच्या वेळी त्यानं तमाशा केला. लाकूड तासायचा वाकस घेऊन बँकेच्या माणसावर धावला, त्याचा खांदा फोडला. पोलिसांनी त्याला जिन्यावरून पाय धरून ओढला. पायरीगणिक डोकं आपटत होतं. मीही दोन लाथा घातल्या. माझ्या घरात रक्त सांडतो म्हणजे काय! शेजारचं एकही दार उघडलं नाही.

९ मे, मंगळवार
जिना धुतला. सोडा, फिनेल, शेवटी विटेनं घासला. डाग हटत नाही, गडी चिवट होता. दारांच्या आतल्या कड्यांना तेल दिलं. वरच्या खोलीत मनाली झोपेल. तिला स्वतःची खोली हवी होती, बापानं दिली.

११ मे, गुरुवार
भर दुपारी, लोडशेडिंगमध्ये, वर ठोकाठोकी ऐकू आली. मग किंकाळी. रंगारी मंगळू दारापाशी उभा होता, तळहात चौकटीला खिळ्यानं ठोकलेला. मी पकडीनं खिळा उपसला. रक्त भिंतीच्या नव्या रंगावर उडालं. त्याचं म्हणणं, कोणीतरी मनगट धरून ठोकला, दिसलं कोणीच नाही. मजुरीही न घेता पळाला. नशेत असेल.

पण त्या दाराची कडी आता बाहेरून आहे. आतल्या बाजूला नुसती भोकं.

१२ मे, शुक्रवार
घरातल्या सगळ्या कड्या बाहेरून.

निवृत्तीच येतो, चोरून. पोलिसांत द्यावा म्हणून शेजारच्या सिंधुबाईंकडे चौकशी केली. त्या दारातूनच म्हणाल्या, “तो मंगळवारीच वारला की, दवाखान्यात. डोक्याला लय मार व्हता. तुमीबी मारलं ना?”

मला भीती वाटते आहे. सरिताला फोन लावला, येऊ नको म्हणणार होतो. पण ती आधीच हसत म्हणाली, काय हो, स्वस्तातलं घर पडलं-बिडलं नाही ना? मग जीभ रेटेना. म्हटलं, झकास आहे, या.

१३ मे, शनिवार
मनालीच्या खोलीची कडी आत बसवायला हातोडी घेऊन वर आलो. पाठीमागे दार मिटलं. बाहेरून कडी लागली.
मोबाईल खाली चार्जिंगला. खिडकीला जाळी. ओरडलो, घसा फुटेपर्यंत. कोणी आलं नाही. त्या दिवशी तरी कोण आलं होतं?
खिशात ही डायरी, म्हणून लिहितो.
ठोकाठोकी चालू आहे. दाराच्या पलीकडे, अगदी —

१४ मे, रविवार
सकाळ. पाणी नाही.
ठरवलं. संध्याकाळी त्या दोघी यायच्या आत त्याला संपवायचा. मेलेला असो नाहीतर जिवंत. दार उघडलं की पहिला घाव डोक्यात.
खालचं दार कालपासून उघडंच —

पावलं. जिन्यावर. हळूहळू. ठोकण्याच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही. कडी निघते आहे —

मारलं. तीनदा. चौथ्यांदाही.
ठोकणं थांबलं.
हिरव्या बांगड्या. सरिता, तू संध्याकाळी येणार होतीस ना — डोळा कुठं आहे तिचा — सरिता —

मनाली जिन्यातून विचारते आहे. म्हणते, पहाटेच्याच गाडीनं आलो, मलाच घाई झाली होती, घर बघायची. आई का बोलत नाही?
सरिताला आत ओढून मी दार पाठीनं रेटून धरलंय. कडी नाही. खाली जा म्हटलं. ती हसते आहे. लपवू नका म्हणते, माझी खोली दाखवा —
ढकलते आहे, दोन्ही हातांनी. मी — मनाली, नको बाळा, आत —